रुगेलाख आणि हामनताशन: ज्यू सणांचं बेकिंग घरच्या ओव्हनमध्ये

पोलंड, लिथुआनिया, युक्रेन, हंगेरी या भागातल्या अश्केनाझी ज्यू घरांमधून जे गोड बेकिंग जगभर पोचलं, त्यातले दोन पदार्थ आपल्या छोट्या ओटीजीमध्येही उत्तम होतात. पहिला रुगेलाख. लोण्याच्या खुसखुशीत पिठात जॅम, अक्रोड आणि दालचिनी गुंडाळून केलेल्या या लहान वळकट्या. दुसरा हामनताशन. पुरीमच्या सणाला होणारी ही तीन कोपऱ्यांची, मधोमध सारण दिसणारी बिस्किटं. दोन्हींना यीस्ट लागत नाही आणि साचाही लागत नाही. लागतो तो गारवा. ओव्हनचं तापमान सगळेच काळजीने बघतात, पण हे पदार्थ बिघडतात ते ओव्हनमध्ये जाण्याआधी, पंख्याखालच्या ओट्यावर. म्हणून या लेखात फ्रिजचा उल्लेख पुन्हा पुन्हा येईल, आणि त्यातली एकही पायरी गाळू नका असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

रुगेलाखचं मूळ मध्य युरोपातल्या किपफेल नावाच्या चंद्रकोरी पदार्थात आहे. तुर्कांनी १६८३ मध्ये व्हिएन्नाला घातलेला वेढा उठला, त्या आनंदात बेकऱ्यांनी ही चंद्रकोर घडवली अशी गोष्ट सांगतात. गोष्ट छान आहे, पण इतिहास म्हणून ती धरता येत नाही, कारण त्या प्रदेशात किपफेल त्याच्या कितीतरी आधीपासून होत होते. युरोपातल्या जुन्या पद्धतीत पीठ यीस्टचं किंवा आंबट सायीचं असे. क्रीम चीज घातलेलं पीठ अमेरिकेत, विसाव्या शतकाच्या मध्याला रूढ झालं आणि तिथल्या घरांमध्ये तेच टिकलं. इस्रायलमध्ये मात्र यीस्टचे चॉकलेट रुगेलाख जास्त चालतात. जेरुसलेमच्या महाने येहुदा बाजारात ते गरमगरम, वरून साखरेच्या पाकाने चकाकणारे मिळतात. घरी पहिल्यांदा करायचे असतील तर अमेरिकन पद्धतच घ्या. ती जास्त क्षमाशील आहे, आणि त्या पिठात अंडंही नसतं.

रुगेलाखचं पीठ

साधारण ३२ रुगेलाखसाठी:

मैदा २५० ग्रॅम
बिनमिठाचं बटर २२५ ग्रॅम, फ्रिजमधलं
क्रीम चीज २२५ ग्रॅम, तेही फ्रिजमधलं
साखर २ टेबलस्पून
मीठ पाव टीस्पून (बटर खारं असेल तर अजिबात नको)
व्हॅनिला १ टीस्पून

क्रीम चीज महाग आहे आणि सगळीकडे मिळतही नाही. त्याऐवजी आपल्याकडचा चक्का चालतो, आणि चांगला चालतो. जुन्या पिठातली आंबट साय आठवली तर चक्क्याची आंबटसर चव परकी वाटत नाही. उलट गोड जॅमला ती छान तोलून धरते. अडचण एकच, चक्क्यात पाणी जास्त असतं. पाऊण किलो घट्ट, सायीचं दही मलमलीत बांधून रात्रभर फ्रिजमध्येच टांगा. बाहेर टांगलं तर जास्त आंबेल. सकाळी त्याच कापडात घट्ट पिळून तासभर वजनाखाली ठेवा. बोटाने दाबल्यावर पाणी सुटत नाही इतका कोरडा झाला की २०० ग्रॅम मोजून घ्या, आणि मैदा २५० ऐवजी २६५ ग्रॅम करा. श्रीखंडासाठी विकत मिळणारा चक्काही चालेल, पण तोही दाबूनच घ्या.

घरचं लोणी वापरायचं असेल तर ते बर्फाच्या पाण्यात दोनतीनदा धुऊन, दाबून, ताकाचा अंश पूर्ण काढा आणि फ्रिजमध्ये कडक होऊ द्या. बाजारच्या बटरमध्ये पाणी जास्तीत जास्त १६ टक्के असतं. घरच्या लोण्यात ते बरंच जास्त राहू शकतं आणि मग पीठ चिकट होतं. तूप मात्र नको. तुपात पाणी नसतं, आणि या पिठाचे पापुद्रे सुटतात ते लोण्यातल्या पाण्याची ओव्हनमध्ये वाफ होते म्हणून. चिरोट्यात साटा जे काम करतो, ते इथे लोण्याच्या बारीक, न वितळलेल्या कणांनी करायचं असतं. कण वितळून मैद्यात जिरले की पापुद्रा संपला. लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळतं, आणि मार्च-एप्रिलमध्ये आपलं स्वयंपाकघर त्याच्या अगदी जवळ असतं.

तर कृती अशी. मैदा, साखर आणि मीठ परातीत एकत्र करून परातच पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. बटरचे सेंटिमीटरभराचे तुकडे करा आणि तेही परत फ्रिजमध्ये जाऊ द्या. मग बटर मैद्यात घालून फक्त बोटांच्या टोकांनी चोळा. तळहात गरम असतो, तो लावू नका. मोहन चोळताना आपण मुटका वळेपर्यंत चोळतो. इथे त्याच्या बरंच आधी थांबायचं आहे. मटाराएवढे काही आणि मसुराएवढे बरेच कण दिसायला हवेत. आता चक्का किंवा क्रीम चीज आणि व्हॅनिला घालून काट्याने कालवा. कोरडं वाटलं तरी पाणी घालू नका. दोन्ही हातांनी गोळा केल्यावर ते जमेल. मळायचं, तिंबायचं अजिबात नाही. मळल्याने मैद्याला ताण येतो आणि रुगेलाख चिवट होतात.

पिठाचे सारखे चार भाग करा. वजनकाटा असेल तर मोजूनच करा, प्रत्येक भाग साधारण १८० ग्रॅमचा होईल. प्रत्येक भाग दोन सेंटिमीटर जाडीची चकती होईल असा चपटा करून प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि कमीत कमी दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. रात्रभर ठेवलं तर फार उत्तम. तोवर मैदा ओलावा शोषून घेतो, लोणी कडक होतं आणि दुसऱ्या दिवशी लाटताना चिरा पडत नाहीत.

सारण

पारंपरिक जोडी जर्दाळूचा जॅम आणि अक्रोड यांची. बाजारचा जॅम पातळ आणि फार गोड असतो, शिवाय ओव्हनमध्ये तो वितळून बाहेर पळतो. म्हणून जर्दाळूचा जॅम घरीच करावा. बी असलेले २०० ग्रॅम जर्दाळू रात्रभर भिजवा, बिया काढा, भिजवलेल्या पाण्यातलं थोडंच पाणी घालून वाटा. ६० ग्रॅम साखर आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून मंद आचेवर आटवा. थंड ताटलीवर थेंब टाकून ताटली उभी धरली तरी तो ओघळला नाही, की झाला. पूर्ण गार झाल्याशिवाय पिठाला लावू नका.

वरच्या भुरभुरीसाठी १०० ग्रॅम अक्रोड, १०० ग्रॅम साखर (निम्मी ब्राऊन घेतलीत तर चव खोल येते), दीड टीस्पून दालचिनी पूड आणि मूठभर बेदाणे. अक्रोड सुरीने बारीक चिरा. मिक्सरमध्ये त्याला तेल सुटतं, आणि तुकडे मोठे राहिले तर ते गुंडाळताना पीठ फाडतात. बेदाणेही चिरूनच घ्या.

लाटणं आणि गुंडाळणं

एका वेळी एकच चकती बाहेर काढा. पाचेक मिनिटं ओट्यावर राहू द्या, नाहीतर कडा फुटतील. पोळपाट लहान पडतो, ओटाच वापरा. पिठी लावून मधून बाहेर, दर दोन हातांनी चकती थोडी फिरवत, २३ सेंटिमीटर व्यासाचं आणि तीन मिलिमीटर जाडीचं वर्तुळ लाटा. पीठ लाटण्याला चिकटू लागलं तर आणखी पिठी भुरभुरत बसू नका. ते सरळ ताटावर ठेवून दहा मिनिटं फ्रिजमध्ये टाका. चिकटणं हे लोणी सैल झाल्याचं लक्षण आहे, पिठी कमी पडल्याचं नाही.

वर्तुळावर दोन टेबलस्पून जॅम पसरा. थर इतका पातळ असावा की खालचं पीठ पुसट दिसेल. मधला दोन सेंटिमीटरचा भाग मोकळा सोडा, कारण तिथे सगळ्या त्रिकोणांची टोकं येतात आणि ती चिकटायला कोरडी हवीत. अक्रोड-साखरेचा चौथा हिस्सा भुरभुरवून लाटण्याने अगदी हलका दाब द्या. शंकरपाळ्याचं कातणं किंवा पिझ्झा कटर घेऊन आधी चार, मग आठ त्रिकोण कापा. रुंद बाजूने आत गुंडाळत या. घट्ट पण न आवळता गुंडाळा आणि टोक खाली दबेल असे ठेवा. टोक वर राहिलं तर ओव्हनमध्ये वळकटी उलगडते.

जास्त सारण भरायचा मोह टाळा. आपल्याला करंजी गच्च भरलेली आवडते, म्हणून हात सढळ होतो. पण करंजी चहूबाजूंनी बंद असते. रुगेलाखची दोन्ही तोंडं उघडी असतात, त्यामुळे जादा जॅम ट्रेवर येऊन जळतो आणि त्याचा कडवट वास सगळ्या घाण्याला लागतो.

भाजणं

गुंडाळलेले रुगेलाख बेकिंग पेपर लावलेल्या ट्रेवर तीन सेंटिमीटर अंतराने मांडा आणि अर्धा तास फ्रिजमध्ये किंवा पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. डब्याला लावायचा पातळ बटर पेपर इथे चालत नाही. त्याला साखर चिकटते आणि कडा करपतात. बेकिंगचा पार्चमेंटच आणा.

ओव्हन १८० अंशांवर, खालची-वरची दोन्ही कॉइल लावून निदान पंधरा मिनिटं तापवा. कन्व्हेक्शनचा पंखा चालू असेल तर १६५-१७० ठेवा. बऱ्याच ओटीजींचं बटण दाखवतं एक आणि आत असतं दुसरंच, त्यामुळे आत ठेवायचा साधा थर्मामीटर घेतलात तर तो सगळ्याच बेकिंगला कामी येतो. ट्रे ओव्हनमध्ये घालण्याआधी रुगेलाखना फेटलेलं अंडं लावा. अंडं नको असेल तर दोन चमचे दुधात एक चमचा ताजी साय फेटून लावा. वरून साखर पेरा. मधल्या कप्प्यात २४ ते २८ मिनिटं भाजा आणि निम्म्या वेळेनंतर ट्रे फिरवा. वरचा रंग बघून काढू नका, एक उचलून तळ बघा. तळ गडद सोनेरी झाला की आतलं पीठही शिजलेलं असतं. फिकट तळाचे रुगेलाख आतून कच्चट आणि जड लागतात.

बाहेर काढल्यावर दोन मिनिटांत, जॅम घट्ट व्हायच्या आत, जाळीवर हलवा. दुसरा ट्रे तोवर फ्रिजमध्येच थांबू द्या, गरम ओव्हनशेजारी ओट्यावर नाही.

हामनताशन आणि पुरीम

पुरीम हा एस्तेर राणीचा सण. पर्शियाच्या राजाचा मंत्री हामान याने राज्यातल्या सगळ्या ज्यूंना मारायचा कट रचला आणि एस्तेरने, तिचा नातलग मर्दखय याच्या सोबतीने, तो उधळून लावला. हिब्रू पंचांगात अदार महिन्याच्या चौदाव्या दिवशी हा सण येतो. जेरुसलेमसारख्या प्राचीन तटबंदीच्या शहरात तो पंधराव्या दिवशी असतो. महिना चांद्र असल्याने तो पौर्णिमेच्या आसपास पडतो, आणि बहुतेक वर्षी आपल्या फाल्गुनी पौर्णिमेजवळ. कोकणातले बेने इस्राएल ज्यू पुरीमला होळीचा सण म्हणत आले ते यामुळेच, आणि अलिबाग-रेवदंड्याकडच्या त्यांच्या घरांत या दिवशी पुरणपोळी होत असे. हामनताशन हा त्यांचा पदार्थ नाही, तो युरोपातल्या ज्यूंचा. दोन्ही पदार्थ एकाच सणाचे आहेत, आणि दोन्हींत सारण पिठात राहतं, एवढं साम्य मला फार आवडतं.

पारंपरिक सारणं दोन: खसखस आणि आलुबुखार. आलुबुखाराच्या जॅमला बोहेमियात एक खरी हकिकतही जोडलेली आहे. प्रागच्या ईशान्येला असलेल्या युंगबुन्झलाऊ गावातला (आजचं म्लादा बोलेस्लाव्ह) दुकानदार डेव्हिड ब्रँडाइस याच्यावर १७३१ मध्ये जॅममधून विष घातल्याचा आरोप झाला. त्याचा जॅम खाल्लेल्या घरातला माणूस दगावला होता. तपासात तो मृत्यू क्षयाने झाल्याचं निघालं आणि पुरीमच्या तोंडावर ब्रँडाइस सुटला. त्या सुटकेचा दिवस त्याच्या कुटुंबाने पुढे जॅमचा पुरीम म्हणून साजरा केला.

पीठ मी तेलाचं सुचवते, त्यालाही कारण आहे. ज्यू आहारनियमांत मांस आणि दूध एकत्र खात नाहीत, आणि मांसाच्या जेवणानंतर काही तास दुधाचा पदार्थ वर्ज्य असतो. पुरीमचं जेवण बहुधा मांसाहारी असतं, म्हणून त्यानंतर खायचं गोड दूध-लोण्याविना केलेलं सोयीचं. बेने इस्राएल स्वयंपाकात गोडाला नारळाचं दूध वापरतात तेही याच नियमाला धरून.

साधारण २८ हामनताशनसाठी २ अंडी आणि १०० ग्रॅम साखर फेटा. अंडी एकेक करून वेगळ्या वाटीत फोडून बघायची पद्धत आहे. रक्ताचा ठिपका दिसला तर ते अंडं घेत नाहीत. त्यात १०० मिली वास नसलेलं तेल आणि एका संत्र्याच्या सालीचा किस घाला. ३२० ग्रॅम मैदा, १ टीस्पून बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ चाळून मिसळा. पीठ मऊ असेल. गुंडाळून दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. बेकिंग पावडर वाढवू नका, पीठ फुगलं की कोपरे उघडतात. अंडं न खाणाऱ्यांनी २५० ग्रॅम मैदा, १२५ ग्रॅम गार बटर, ८० ग्रॅम पिठीसाखर आणि गोळा जमेल इतकं तीन-चार चमचे दूध घ्यावं. ते पीठ चवीला जास्त समृद्ध असतं, पण अर्थात दुधाचं ठरतं.

खसखशीचं सारण: युरोपात निळसर-काळी खसखस वापरतात, आपली पांढरी तिच्याहून सौम्य. चव वेगळी येते, पण वाईट नाही. १५० ग्रॅम खसखस निवडून, न भाजता, मिक्सरच्या लहान भांड्यात थांबून थांबून फिरवा. सलग फिरवली तर तेल सुटून गोळा होतो. १५० मिली नारळाचं दूध, ५० ग्रॅम साखर, ६० ग्रॅम मध आणि चिरलेले ४० ग्रॅम बेदाणे घालून मंद आचेवर आठ-दहा मिनिटं ढवळा. मिश्रण कडा सोडून एकत्र फिरू लागलं की लिंबाच्या सालीचा किस आणि चमचाभर रस घालून उतरवा. गार झाल्यावर ते आणखी आळतं. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया किंवा सिंगापूरला राहणाऱ्यांनी आणि तिकडे डबा पाठवणाऱ्यांनी खसखशीच्या वाटेला जाऊ नये, तिथे ती कायद्याने बंद आहे.

आलुबुखाराचं सारण त्याहून सोपं. बिया काढलेले २५० ग्रॅम सुके आलुबुखार १५० मिली संत्र्याच्या रसात दहा-बारा मिनिटं शिजवून घोटायचे. साखर लागत नाही.

पीठ तीन मिलिमीटर जाड लाटून आठ सेंटिमीटरच्या वाटीने गोल कापा. मधोमध सपाट एक टीस्पून सारण. आता त्रिकोण, आणि कोपरे उघडू नयेत म्हणून हा क्रम पाळा: डावी बाजू उचलून सारणावर कलती दुमडा. उजवी बाजू दुमडून तिचं वरचं टोक डावीवर चढवा. खालची बाजू वर घेताना तिचं एक टोक उजवीच्या वर आणि दुसरं डावीच्या खाली सरकवा. अशा एकमेकांत अडकलेल्या बाजू नुसत्या चिमटीपेक्षा कितीतरी पक्क्या बसतात. शेवटी तिन्ही कोपरे दाबा. मुरड घालू नका, तिथे पीठ जाड होऊन कच्चं राहतं. मधे रुपयाच्या नाण्याएवढं सारण उघडं दिसायला हवं.

ट्रेसकट वीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. अजून एकदा गारवा, आणि इथे तर तो सगळ्यात जास्त लागतो, कारण गार पीठ आकार धरेपर्यंत सैल पडत नाही. १८० अंशांवर १५ ते १८ मिनिटं, कडा सोनेरी होईपर्यंत भाजा. वरचा भाग फिकट राहिला तरी काढा, हामनताशन जास्त भाजले की कडक होतात.

द्यायचे असतील तर

पुरीमला निदान एका माणसाला निदान दोन प्रकारचं तयार खाणं पाठवायचं, असा धार्मिक नेम आहे. रुगेलाख आणि हामनताशन एका डब्यात ठेवले तर ते दोन प्रकार होतात खरे, पण ज्यू मित्राकडे पाठवण्याआधी एकदा विचारा. कोशर, म्हणजे ज्यू आहारनियम, पाळणाऱ्या घरात साहित्याइतकाच तुमचा ओव्हन आणि भांडी यांचाही प्रश्न असतो, आणि भेट नाकारायची वेळ त्यांच्यावर येऊ नये. काहीजण आनंदाने घेतील, काहींना बंद पाकिटातला सुकामेवा आणि फळं दिलेली बरी. पेसाख सणाच्या दिवसांत, म्हणजे पुरीमनंतर साधारण महिन्याने, हे दोन्ही पदार्थ नेऊच नका. त्या आठवड्यात ज्यू घरात मैद्याचं फुगलेलं काहीही ठेवत नाहीत.

रुगेलाख हवाबंद डब्यात चार-पाच दिवस टिकतात, हामनताशन आठवडाभर. पावसाळ्यात मऊ पडले तर १५० अंशांवर सहा-सात मिनिटं गरम करून जाळीवर पूर्ण गार होऊ द्या, पुन्हा खुसखुशीत होतात. मोठा घाट घालायचा असेल तर दोन्ही पदार्थ कच्चेच, आकार देऊन, ट्रेवर कडक गोठवा आणि मग पिशवीत भरा. फ्रीझरमध्ये ते दोन महिने चांगले राहतात. भाजताना आधी बाहेर काढून ठेवायची गरज नाही. गोठलेलेच तापलेल्या ओव्हनमध्ये घाला आणि चार-पाच मिनिटं जास्त द्या.